पहिला क्रांतिकारक ठरवायचा कसा?

पनवेलच्या नाट्यगृहाला ‘आद्य क्रांतिवीर’ वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीत जन्मलेल्या उमाजी नाइकांच्या नावामागेही दर जयंतीला ‘आद्य क्रांतिकारक’ हीच पदवी लागते. उमाजींना पुण्यात फाशी झाली ३ फेब्रुवारी १८३२ रोजी. फडक्यांनी शिरूरजवळच्या धामारीवर छापा घातला २३ फेब्रुवारी १८७९ रोजी. मध्ये सत्तेचाळीस वर्षे गेली. तारखा पाहून निकाल द्यायचा असता तर हा वाद केव्हाच मिटला असता. तो मिटत नाही, कारण उमाजींना मागे सारणारे त्यांची तारीख नाकारत नाहीत, पात्रता नाकारतात. असाच वाद देशभर आहे. ओडिशातून १८१७ च्या पाइक उठावाला पहिल्या स्वातंत्र्ययुद्धाचा मान मागितला जातो. तमिळनाडू १७९९ मध्ये फासावर गेलेल्या कट्टबोम्मनचे आणि १८०६ च्या वेल्लोरच्या शिपायांचे नाव पुढे करतो, कर्नाटक कित्तूरच्या राणी चन्नम्माचे आणि संगोळ्ळी रायण्णाचे. या सर्वांत आधीची तारीख कोणाची, हे शोधण्याला फारसा अर्थ नाही. कंपनीचे राज्य बंगालमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बसले, मराठी मुलखात १८१८ मध्ये. जिथे जुलूम आधी पोहोचला तिथे प्रतिकारही आधी झाला. आधीपणाचा मान अशा रीतीने वाटला तर तो वीराला न मिळता कंपनीच्या कूच-मुक्कामांना मिळतो. म्हणून कोण आधी झाला यापेक्षा कोणाला मोजायचे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. तो नीट सोडवला तर उमाजी नाईक फडक्यांची प्रस्तावना म्हणून उरत नाहीत. मराठी मुलखातल्या वसाहतविरोधी लढ्याचा आरंभ त्यांच्यापासूनच मोजावा लागतो.

सर्वांत सोपी कसोटी अशी की जो इंग्रजांशी लढला तो वसाहतविरोधी वीर. ही कसोटी आपल्याच इतिहासावर लावली की अडचण कळते. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगावला मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला मान तुकवायला लावली. तेरा वर्षांनी, १७९२ मध्ये, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा कॉर्नवॉलिसच्या बाजूने टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणापुढे उभ्या होत्या. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज पदरात घेतली, आणि १८१७ मध्ये खडकीला तिच्याशीच लढाई दिली. मग १७७९ चे वीर १७९२ मध्ये कोण होते? तेव्हाच्या माणसांना हा प्रश्न पडला नसता, कारण त्यांच्या दृष्टीने कंपनी ही इतर सत्तांसारखीच एक सत्ता होती. तिच्याशी कधी तह व्हायचा, कधी युद्ध. एका राज्याने दुसऱ्या राज्याशी लढणे आणि बसलेल्या परक्या अंमलाविरुद्ध त्याच्याच रयतेने उभे राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत शौर्य कमी असते असे नाही. पण तिला वसाहतविरोधी म्हटले की प्रत्येक सरदाराच्या प्रत्येक मोहिमेला तोच शिक्का मारावा लागतो आणि शिक्क्याला किंमत उरत नाही.

दुसरी कसोटी याच्या उलट टोकाची आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे हिंदुस्थान नावाचे एक राष्ट्र होते तोच खरा आद्य क्रांतिकारक, बाकीचे स्थानिक बंडखोर. फडक्यांचा पक्ष बहुधा याच कसोटीवर उभा असतो, आणि तिला वजन नाही असे नाही. पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत नोकरी करणाऱ्या फडक्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने ऐकली होती, देशाची संपत्ती बाहेर कशी जाते हे समजून घेतले होते. उमाजींच्या काळात अशी व्याख्याने नव्हती आणि ती छापणारी वर्तमानपत्रेही नव्हती. अडचण अशी की ही कसोटी लावण्याआधीच तिचा निकाल लागलेला असतो. इंग्रजी शाळा, छापखाना आणि सभा ज्यांच्यापर्यंत पोहोचल्या तेवढेच तीत उत्तीर्ण होणार. म्हणजे वसाहतीने ज्यांना आपल्या शाळेत घेतले त्यांचाच विरोध खरा, आणि ज्यांची उपजीविका तिने बुडवली त्यांचा विरोध कच्चा. शिवाय ही कसोटी सरसकट कोणीच लावत नाही. ती १८५७ ला लावली तर दिल्लीचा बादशहा आणि ब्रह्मावर्ताचे पेशवे यांच्या गाद्या परत मांडू पाहणारा तो संग्रामही नापास होतो. रमेशचंद्र मजुमदारांनी ती तशी लावली आणि तो लढा पहिला नव्हता, राष्ट्रीय नव्हता आणि स्वातंत्र्ययुद्धही नव्हता असे म्हटले, तेव्हा केवढे वादळ उठले! नानासाहेबांना सवलत द्यायची आणि उमाजींकडे राष्ट्रकल्पनेचा दाखला मागायचा, हा न्याय नव्हे.

माझ्या मते कसोटी दोन प्रश्नांची असावी. परकी सत्ता एकदा बसल्यावर तिचा सारा घेण्याचा, शिक्षा करण्याचा, हुकूम सोडण्याचा हक्कच या माणसाने नाकारला का, की तिच्याकडून आपला वाटा तेवढा वाढवून मागितला? आणि ते नाकारणे त्याने आपल्या घराण्यापलीकडच्या, आपल्या जमातीपलीकडच्या लोकांनाही सोबत घेण्यासाठी बोलून दाखवले का? हे दोनच प्रश्न निवडण्याचे कारण वसाहतीच्या घडणीत आहे. तिचा कणा फौज हा नव्हता. सारावसुली, कचेरी, कोर्ट आणि तिथे चाकरी करणारे हजारो देशी हात यांवर ती उभी होती. तो हक्क मोडीत निघाला आणि ते हात निघून गेले तर सत्ता कोसळणार, हे ज्याने ओळखून बोलून दाखवले त्याने वसाहत म्हणजे काय हे ओळखले, मग त्याने हिंदुस्थानचा नकाशा पाहिलेला असो वा नसो.

उमाजींचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ चा. पुरंदरच्या राखणीचे काम करणाऱ्या रामोशी कुळातला. रामोशांची उपजीविका गडाच्या पहाऱ्यावर आणि गावाच्या रखवालीवर चाले. चोरी झाली तर माग काढायची जबाबदारी त्यांची आणि त्याबद्दल गावाकडून मिळणारा हक्कही त्यांचाच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच या व्यवस्थेला तडे गेले होते. १८१८ नंतर कंपनीने गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, जुन्या हक्कांची छाननी सुरू केली आणि पहारा-चौकी आपल्या हातात घेतली. पुढे पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेल्या पाहणीने शेतसारा असा बसवला की इंदापूरकडची शेते ओस पडू लागली आणि अखेर सरकारलाच ती पद्धत सोडून नवी पाहणी करावी लागली. म्हणजे १८२६ पासून पुरंदरच्या डोंगरांत रामोशी उठत होते तेव्हा त्यांच्या आसपासचा कुणबीही याच सरकारच्या साऱ्याखाली वाकत होता. उमाजींना गावागावांतून आसरा मिळत राहिला तो या कारणाने. पुढे त्यांना पकडून देणाऱ्यास दहा हजार रुपये आणि जमीन देण्याचे आमिष सरकारला दाखवावे लागले. साध्या चोराची किंमत कोणी एवढी करत नाही.

या सगळ्यात निर्णायक पुरावा आहे १६ फेब्रुवारी १८३१ च्या जाहीरनाम्याचा. इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांना सारा देऊ नका, सगळ्यांनी एकाच वेळी उठा, त्यांचे खजिने लुटा, त्यांचे राज्य आता जाणार आहे आणि जे त्यांना मदत करतील त्यांना येणारे सरकार शासन करील, असा त्याचा आशय आहे. यात रामोशांच्या वतनापुरती मागणी नाही. सरकारचा खजिना, वसुली आणि नोकरवर्ग या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी घाव घालायची ही योजना आहे, आणि येणाऱ्या सरकारच्या नावाने शिक्षेचा अधिकार स्वतःकडे घेतलेला आहे. सारा देऊ नका आणि सरकारी चाकरी सोडा, ही दोन वाक्ये पुढे विसाव्या शतकात निःशस्त्र मार्गाने पुन्हा उच्चारली गेली. त्यावरून उमाजींना असहकाराचे जनक ठरवणे हास्यास्पद होईल. त्यांचा मार्ग उघडउघड तलवारीचा होता. पण वसाहतीचे मर्म कुठे आहे याची ओळख दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती उमाजींना पेशवाई बुडाल्यावर तेरा वर्षांत झाली. दोन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर इथे कागदावर मिळते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की उमाजींचे दुखणे खाजगी होते. वतन गेले म्हणून ते उठले, आणि १८२८ च्या सुमारास सरकारने माफी देऊन पहाऱ्याच्या कामावर घेतले तेव्हा ते कंपनीच्या पगारावर राहिलेही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि लपवण्याचे कारण नाही. पण हेच भिंग फडक्यांवर धरून पाहा. आई अत्यवस्थ असताना कचेरीने रजा वेळेवर दिली नाही, ते पोहोचले तोवर आई गेली होती, हा त्यांच्या चरित्रातला पहिला घाव सर्वत्र सांगितला जातो. त्यानंतरही ते सरकारी पगारावर होते. फडक्यांच्या रजेला आपण ठिणगी म्हणतो आणि उमाजींच्या वतनाला स्वार्थ म्हणतो. खाजगी दुखण्यापासून सुरू न झालेले बंड जगात क्वचितच सापडेल. पाहायचे असते ते दुखणे पुढे कुठवर पोहोचले. उमाजी पगार सोडून पुन्हा डोंगरात गेले, आणि १८३१ चा जाहीरनामा त्या माफीच्या नंतरचा आहे. सरकारशी जमते का हे अनुभवून ज्याने सरकारच नको म्हटले, त्याचे नाकारणे अधिक पक्के मानायला हवे.

याचा अर्थ फडक्यांनी नवे काही केले नाही असा नव्हे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे वेतन रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने इतके खाली आणले गेले की मजुरांनी कामे सोडली आणि सार्वजनिक सभेला त्यांची बाजू मांडावी लागली. हेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. फडक्यांनी गावोगाव फिरून ही उपासमार पाहिली. मे १८७९ मधल्या त्यांच्या जाहीरनाम्यात रयतेला कामे द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे गलेलठ्ठ पगार कापा अशा मागण्या आहेत, आणि नाही तर १८५७ सारखा उठाव होईल अशी धमकी आहे. इथे प्रथमच सरकारी अंदाजपत्रकाची चिकित्सा आणि बंदूक एकाच हातात आली. फडक्यांचा हा मान कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण लक्षात घ्यायला हवे की त्यांची बंदूक उचलणारे हात कोणाचे होते. सुशिक्षितांनी पाठ फिरवल्यावर ते रामोशांकडे गेले. दौलतराव नाईक हा त्यांचा उजवा हात होता. मे महिन्यात तो मारला गेला आणि बंडाचा कणाच मोडला. २० जुलै १८७९ रोजी देवर नावदगीला फडके पकडले गेले तेव्हा ते रोहिल्यांची नवी फौज उभारायच्या खटपटीत होते. ज्या समाजात उमाजींचे नाव घरोघर घेतले जात होते त्याच्याशिवाय फडक्यांचे बंड चार दिवस टिकले नसते. मुळात उमाजी नसते तर फडक्यांना असा समाज हाताशी मिळाला असता का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप लुटीचा. सावकारांच्या पेढ्या फोडणारे, दरोडे घालणारे हे लोक. त्यांच्यात राजकारण कसले? एरिक हॉब्सबॉम यांनी अशा बंडखोरांना राजकारणाच्या अलीकडचे मानले होते. रणजित गुहांनी १९८३ मध्ये त्याला उत्तर दिले ते आपल्या मुलखालाही नेमके लागू पडते. वसाहतीच्या खेड्यात सावकार हा सरकारपासून वेगळा नव्हता. रोख सारा ठरलेल्या तारखेला भरायचा म्हणून कुणबी सावकाराकडे जाई, खत लिहून देई, आणि फेड चुकली की त्याच सरकारच्या कोर्टातला हुकूमनामा घेऊन सावकार जमीन गिळे. नगर जिल्ह्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे या महादेव कोळी नाइकाने १८४४-४५ मध्ये सावकारांवर धाड घातली ती या साखळीच्या मधल्या कडीवर. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्यात फाशी दिली गेली. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच जाळली, तेव्हा ही कडी कागदाची आहे हे त्यांना पुरते कळलेले होते. अर्थात लूट म्हटली की तीत लोभही आला, निरपराधांचा छळही आला. फडक्यांनी आपल्या आत्मवृत्तात साथीदारांच्या लुटीच्या हव्यासाबद्दल कडवट तक्रार केलीच आहे. त्यामुळे प्रत्येक दरोडा क्रांती ठरत नाही. पण दरोडा आणि जाहीरनामा एकत्र आले की दरोड्याचा अर्थ बदलतो, आणि फडक्यांच्या बाबतीत आपण तो बदललेला मानतोच.

मग फडक्यांना एक न्याय आणि उमाजींना दुसरा असे का झाले? मोठे कारण साधनांत आहे. फडके लिहिणारे होते. त्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त पोलिसांनी जप्त केले, खटल्यात पुरावा म्हणून वापरले, आणि म्हणूनच ते टिकले. त्यांचे मनोगत त्यांच्याच शब्दांत आपल्यापुढे आहे. गणेश वासुदेव जोशींसारखा वकील त्यांच्या बाजूने उभा होता, खटल्याची चर्चा वर्तमानपत्रांतून झाली, एडनच्या तुरुंगातली १८८३ मधली त्यांची मृत्यूची बातमीही लोकांपर्यंत पोहोचली. उमाजींबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या, त्यांच्या पाठलागावर असलेल्या अधिकाऱ्याने १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रामोशांवरील पुस्तकातून येतो. पकडणाऱ्याच्या कलमातून उतरलेला माणूस दरोडेखोर दिसला तर नवल नाही. नवल हे की त्या कलमातूनही त्याची जिद्द, त्याचा दरारा आणि त्याचा जाहीरनामा झिरपून आला. साधनांतली ही विषमता ध्यानात न घेता दोघांच्या मनातल्या ध्येयांची तुलना करणे म्हणजे एका पक्षकाराची जबानी घ्यायची आणि दुसऱ्याबद्दल फौजदाराचा अहवाल वाचायचा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो वर्गातून नव्हे तर जातीच्या अनुभवातून येतो. उमाजींना काय हवे होते? गेलेली वतने, जुने हक्क, जुनी राज्ये. ती व्यवस्था ज्यांच्या मानेवर उभी होती त्यांच्यासाठी तिचे परत येणे ही मुक्ती होती का? जोतीराव फुल्यांनी पेशवाई बुडाल्याचे दुःख कधी केले नाही; इंग्रजी अंमलात शूद्रातिशूद्रांना शिकण्याची जी फट मिळाली ती त्यांनी मोलाची मानली. हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. पण त्याच फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषारामाचा आणि शेतकऱ्याला नागवणाऱ्या साऱ्या-पट्ट्यांचा हिशेब त्यांनी तितक्याच कठोरपणे मांडला. यावरून निष्कर्ष असा निघतो की परक्या सत्तेला विरोध आणि समाजातल्या सत्तेला विरोध हे दोन स्वतंत्र गुण आहेत. एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही. वसाहतविरोधी वीर म्हणून मोजताना पहिला गुण पाहायचा, आणि दुसऱ्याची उणीव असेल तर ती त्याच पानावर स्पष्ट लिहायची. उमाजींकडे समतेचा विचार नव्हता म्हणून त्यांचा प्रतिकार पुसता येत नाही, आणि त्यांनी प्रतिकार केला म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढचे जुने राज्य आदर्श ठरत नाही. ही शिस्त पाळली तर स्मारकांच्या राजकारणातला निम्मा धुरळा खाली बसेल.

इतकी सैल कसोटी लावली तर कोणीही वीर ठरेल, असे म्हणणाऱ्यांना उत्तर एवढेच की ती सैल नाही. खडकीला स्वतःच्या गादीसाठी लढून, हरल्यावर पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेलेला दुसरा बाजीराव तीत बसत नाही. वेल्लोरचे शिपाई काठावर राहतात. पोशाखाच्या नियमांवरून उसळलेला त्यांचा संताप टिपूच्या मुलांच्या गादीपर्यंत पोहोचला, रयतेपर्यंत पोहोचल्याचे दिसत नाही. ओडिशाच्या पाइकांचा नायक बक्षी जगबंधू स्वतःची जहागीर गेल्यामुळे उठला, पण मिठाची मक्तेदारी आणि कवड्यांऐवजी चांदीत सारा भरण्याची सक्ती यांनी पिळलेली सामान्य रयत त्याच्यामागे आली, म्हणून तो बसतो. अशा प्रत्येक मुलखात आरंभ वेगळा निघेल आणि सबंध देशाचा एकच पहिला वीर निघणार नाही. १८३० च्या आसपास सबंध देश एका सरकारखाली सारख्याच रीतीने नव्हता, मग त्याचा प्रतिकार एकाच माणसापासून कसा सुरू व्हावा?

मराठी मुलखापुरते उत्तर मात्र देता येते. आज हाती असलेल्या पुराव्यावर, बसलेल्या परक्या सत्तेचा हक्कच नाकारून इतरांनाही तो नाकारायला लेखी सांगणारा पहिला नायक उमाजी नाईक आहे. त्यांच्या आधीचा असा जाहीरनामा उद्या दफ्तरात सापडला तर हा मान त्याच्या कर्त्याकडे गेला पाहिजे, आणि कसोटी खरी असेल तर तो जाताना कोणाला वाईट वाटू नये. फडक्यांकडे दुसरा मान आहे: उपासमार आणि सरकारी खर्च यांचा संबंध जोडून शस्त्र उचलणारा पहिला सुशिक्षित. पाठ्यपुस्तकांत हे दोघे शेजारी-शेजारी यावेत, आणि त्यांच्यामध्ये राघोजी भांगरे, सुप्याचे शेतकरी आणि दौलतराव नाईक यांची नावे यावीत. आज उमाजींच्या जयंतीला एका समाजाची माणसे जमतात आणि फडक्यांच्या पुण्यतिथीला दुसऱ्या समाजाची. ज्या बंडात एक चित्पावन कारकून आणि एक रामोशी नाईक एकाच मोहिमेवर निघाले होते, त्याच्या वारसांनी पदवीसाठी एकमेकांशी भांडावे हा त्या दोघांचाही पराभव आहे.